चित्रकार्डावरचा हंस

जुनी चित्रकार्डे जमविणाऱ्या माणसाकडे आपण थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा कीवेने पाहतो. नाणी जमविणारा इतिहाससंशोधकांच्या पंगतीला बसतो. तिकिटे जमविणाऱ्याची प्रदर्शने भरतात, त्याला ढाली मिळतात. चित्रकार्डवाला मात्र रद्दीवाल्याचा धाकटा भाऊ समजला जातो. त्यातही केवळ पक्ष्यांची कार्डे गोळा करणारा म्हणजे घरच्या मंडळींनी हात टेकलेला प्राणी. या छंदाची बाजू मांडण्यासाठी मी हे लिहीत नाही. छंदाला वकिलाची गरज नसते. माझी तक्रार छंदिष्टांविषयीच आहे. कार्ड कोणत्या छापखान्याचे, पाठ दुभागलेली की अखंड, कोपरे शाबूत आहेत की दुमडलेले, हे सारे ते भिंगाखाली घालून पाहतात. पण कार्डावरचा पक्षी हा पक्षी आहे की नाही, एवढे मात्र विचारीत नाहीत. कवितेतल्या प्रतिमेला आपण जो प्रश्न विचारतो तो या दीड वीत कागदालाही विचारायला हवा. हा कागद कोणत्याही कवितेपेक्षा अधिक घरांत गेला आहे.

पोस्टकार्ड ही कल्पनाच मुळी काटकसरीची. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले कार्ड विकले. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड सुरू झाले. चित्र त्यावर मागाहून आले आणि आले तेही अडचणीतच. सुरुवातीच्या चित्रकार्डांची एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. तिथे मजकूर लिहायला मनाई होती. लिहिणाऱ्याला काय ते चित्राच्या कडेने, आभाळाच्या मोकळ्या जागेत, पक्ष्याच्या शेपटीखाली लिहावे लागे. १९०२ साली इंग्लंडने पाठीवर उभी रेघ मारून डावी बाजू मजकुराला दिली आणि पाचसहा वर्षांत बहुतेक देशांनी तीच वाट धरली. मग चित्राला सबंध अंगण मिळाले. लंडनच्या रॅफेल टक कंपनीची तैलचित्रासारखी दिसणारी 'ऑइलेट' कार्डे १९०३ पासून निघू लागली आणि तिकडे कार्डांचा जणू पूर आला. त्या पुरात पक्षी फार. चोचीत पाकीट धरलेली पाकोळी, मानेला फीत बांधलेले कबुतर, बाळ घेऊन येणारा करकोचा. पण याच्याच जोडीला तिकडे दुसरीही एक धार वाहत होती: संग्रहालयांनी काढलेली, पंखांचा रंग आणि पायांची ठेवण अचूक दाखविणारी पक्ष्यांची कार्डे. पहिल्या धारेतला पक्षी निरोप्या आहे, दुसऱ्या धारेतला पक्षी पक्षी आहे. युरोपातल्या संग्राहकाच्या वहीत दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना जाब विचारतात.

आपल्याकडे दुसरी धार जवळजवळ कोरडीच राहिली. मुंबईला निसर्गेतिहास मंडळ १८८३ सालीच स्थापन झाले होते. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले आणि त्यातल्या रंगीत पानांनी कितीएकांना पक्षी पाहायला शिकविले. पण ती पाने पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी गेली. कार्डावर जो पक्षी घरोघर गेला तो पुराणातून आला होता आणि त्याला गावोगाव पोहोचविण्याचे काम प्रामुख्याने एका छापखान्याने केले.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत उभा राहिला. यंत्रे जर्मन, शिळेवर रंग उतरविणारे कारागीरही जर्मन. शकुंतलेच्या जन्माच्या चित्राने कामाला सुरुवात झाली. पुढे प्लेगच्या दिवसांत हा सारा पसारा लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०३ साली रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. १९७२ च्या आगीत तिथे जे उरले होते तेही गेले. भिंतीवर टांगायच्या मोठ्या चित्रांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. सरस्वती आणि लक्ष्मी महाराष्ट्राच्या देवघरात याच वाटेने आल्या. हौशी बायकांनी त्यांना खऱ्या कापडाची लुगडी शिवली, जर लावली, टिकल्या डकविल्या. पण हीच चित्रे लहान होऊन कार्डांवरही उतरली, हे कमी जणांच्या ध्यानात असते. मोठे चित्र घरात एका जागी राहते. कार्ड गावोगाव हिंडते. कलेचा संस्कार कोणत्या वाटेने अधिक झाला असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. धुरंधरांनीही त्याच सुमारास कार्डांसाठी चित्रे काढली, पण त्यांचा जीव माणसांत रमला. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची ऐट त्यांनी अशी पकडली की पक्ष्याकडे पाहायला त्यांना सवड झाली नाही, याचे मला वाईट वाटत नाही.

आता 'हंस-दमयंती'कडे येऊ. मूळ तैलचित्र १८९९ चे. ते तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्र कलादालनात आहे. लाल वस्त्र नेसलेली दमयंती उभी आहे, दगडी कठड्यावर पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी आहे आणि तो सांगतो आहे ते ती ऐकते आहे. कार्डावर हे चित्र तळहाताएवढे होते, रंग थोडे दाट होतात, चेहऱ्यावरची नाजूक छटा हरवते. पण पक्षी मात्र जसाच्या तसा राहतो. पांढरा आकार, मागे गडद पार्श्वभूमी, मानेचा एकच बाक. भिंगातून पाहिले तर रंगांचे ठिपके ठिपके दिसतात, तरी डोळ्यांपासून हातभर दूर धरताच हंस पुन्हा हंस होतो. छपाईच्या दृष्टीने रविवर्म्यांच्या चित्रांत याहून भाग्यवान पक्षी नाही. जटायूचे पाहा. रावणाची तलवार, सीतेने झाकून घेतलेले तोंड, छाटलेला पंख, गळणारी पिसे. मोठ्या चित्रात ही सारी गर्दी अंगावर येते, त्या पक्ष्याला वजन आहे, त्याच्या पडण्याचा आवाज येतो. तेच लहान छापात पाहिले की पिसे आणि वस्त्रे यांचा एकच गुंता होतो. जटायू हा रविवर्म्यांचा सर्वांत जिवंत पक्षी आणि लहान कागदावर तोच सर्वांत आधी मरतो.

तर हा भाग्यवान हंस कोण? नीट पाहिले तर ही युरोपातल्या राजबागांतल्या तळ्यांवर पोहणाऱ्या हंसाची मान आहे. तो पक्षी आपल्या देशात येतच नाही असे नाही. हिंदुस्थानच्या अगदी वायव्य टोकाला एखाद्या कडक हिवाळ्यात भरकटत आल्याच्या नोंदी आहेत. पण केरळच्या चित्रकाराने, बडोद्याच्या महाराजांनी, मुंबईच्या गिऱ्हाइकाने किंवा विदर्भाच्या राजकन्येने तो आपल्या तळ्यात पाहिलेला असणे शक्य नाही. दमयंती तर आपली, वऱ्हाडातली. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे, तेच तिचे कुंडिनपूर असे परंपरा सांगते. त्या वर्धेच्या काठावर हा परदेशी पाहुणा कुठून आला? तो युरोपीय चित्रांतून आला असावा, असे मला दिसते. तिकडच्या चित्रकारांनी लीडा आणि हंस ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या रंगविली आहे. स्त्री आणि पांढरा पक्षी एकत्र आणायचे तर डोळ्यांपुढे ती जोडी उभी राहणारच.

यावर कोणी म्हणेल, पुराणातल्या हंसाला प्राणिशास्त्राचे प्रमाणपत्र कशाला हवे? माणसासारखा बोलणारा पक्षी खरा की खोटा, याची चिकित्सा मास्तरकीची आहे. मास्तर असल्यामुळे हा आरोप मला नवा नाही. पण गंमत अशी की, ज्या कथेचा आधार घेऊन ही सूट मागितली जाते ती कथाच अशी सूट घेत नाही. वनपर्वातले नलोपाख्यान काढून पाहावे. तिथे हंस एक नाही, थवा आहे. तो सोन्याने मढल्यासारखा झळकतो, आणि नैषधात श्रीहर्षाने तर हंस सोन्याचाच केला; पांढऱ्या रंगाचा हट्ट कुणाचाच नाही. नळ त्यांतला एक पकडतो, तो जीव वाचविण्यासाठी बोलतो, सुटतो आणि मग सारा थवा उडत विदर्भाला जाऊन दमयंतीच्या बागेत उतरतो. तिच्या सख्या त्यांना धरायला धावतात. हंस चौफेर पांगतात, एकेका मुलीपुढे एकेक पळतो, आणि दमयंती ज्याच्या मागे लागलेली असते तोच मानवी वाणीने बोलू लागतो. बोलणे ही कवीची कल्पना. पण थव्याने येणे, मोकळ्या जमिनीवर उतरणे, मुलींना हुलकावणी देत पायांनी पळणे, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेले आहे. युरोपातला तो मोठा हंस पाण्यावर राजा, पण जमिनीवर आला की त्याची चाल जड आणि अवघडलेली. जमिनीवर थव्याने चरणारा, माणूस जवळ आला की मान उंचावून झपझप चालू लागणारा पक्षी दुसरा आहे. संस्कृत कवींनी जी हंसगती वाखाणली ती याची.

तो पक्षी म्हणजे कादंब. फोगेल या डच पंडिताने भारतीय साहित्य आणि शिल्प यांतल्या हंसावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, तो १९६२ साली लायडनला प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष हाच, की आपल्या जुन्या शिल्पातला हंस हा या कुळातला आहे. के. एन. दवे यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात हंस या एका नावाखाली अनेक पक्षी कसे वावरतात ते दाखविले. पंडितांमध्ये मतभेद आहेत, असू देत. मंदिरांच्या पट्टीवर ओळीने चाललेले हंस ज्याने पाहिले आहेत त्याला त्यांची आखूड मान आणि भरलेले अंग वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि आमच्याकडे तर ते पाहायला मंदिरातही जावे लागत नाही. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांतल्या किती गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर येते आणि पाऊसकाळ झाला की पुन्हा बुडते. त्या दुःखाचे वर्णन मी इतरत्र केले आहे. इथे त्याचे प्रयोजन नाही. पण त्या पाण्याने एक नवी वस्ती आणली. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूला हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना पाहायला पुण्यामुंबईच्या मोटारी येतात, कोळ्यांच्या होड्यांना चार पैसे मिळतात. त्या गुलाबी गर्दीकडे सगळे पाहतात. थोडे बाजूला, काठच्या गाळात किंवा कापणी झालेल्या रानात राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पक्षी चरत असतात, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पक्षिशास्त्र त्यांना पट्टकादंब म्हणते. लडाख, तिबेट, मंगोलिया इकडे त्यांची घरटी. हिवाळ्याच्या तोंडावर ते हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र बसवून त्यांचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडताना नोंदले आहे. मानससरोवराहून येणारा हंस म्हणून कवींनी ज्याचे गोडवे गायले तो, मानसाच्या वाटेनेच येऊन, लोणी देवकरच्या शिवाराजवळ हरभऱ्याच्या कडेला उभा आहे. आणि त्याला हंस म्हणावे असे कुणाच्या मनात येत नाही.

का येत नाही? कारण हंस कसा दिसतो हे आम्हाला ठरवून दिलेले आहे. वर्गात मुलांना हंस काढायला सांगा. दोनाचा आकडा काढून, त्याला खाली पोट जोडून, मुले पाच मिनिटांत पाटी पुढे करतात. पांढरा, मान वळलेली, पाण्यावर तरंगणारा. यांतल्या एकानेही तो पाहिलेला नाही. ज्या मुलाच्या बापाच्या रानात पट्टकादंब चरून जातात त्या मुलाच्या पाटीवरही तोच परका पक्षी. हे एकट्या रविवर्म्यांचे काम नव्हे. पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका, आगपेट्या, लग्नपत्रिका सगळ्यांनी त्याला हातभार लावला. पण दमयंतीच्या कार्डाला मी या घराण्याचा मूळपुरुष मानतो. एक शब्द आपल्या पक्ष्यावरून उठला आणि दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचताना पक्ष्यांची नावे जमा करण्यासाठी केवढे कष्ट घेतले. नावे जमविणे इतके अवघड असेल, तर गेलेले नाव परत आणणे किती अवघड असेल?

न्याय करायचा तर रविवर्म्यांची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती चित्राची बाजू आहे. कठड्यावर पट्टकादंब उभा करून पाहा. राखी अंग, आखूड मान, डोक्यावर पट्टे. दमयंतीच्या उभ्या आकृतीला उत्तर देईल असा बाक त्याच्यापाशी नाही. तो तिथे पाहुणा न वाटता परसातले बदक वाटेल. चित्रकाराला मान हवी होती. स्त्रीच्या कलत्या देहाला आणि ऐकण्याच्या त्या तन्मयतेला जोड देणारी एक रेघ हवी होती, आणि ती त्याने परदेशातून आणली. चित्र म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझा आक्षेप असा की, कथेतली धावपळ त्याने या रेघेसाठी विकली. व्यासांची दमयंती पक्ष्यामागे पळत गेलेली, धाप लागलेली मुलगी आहे; तिच्या कानावर नळाचे नाव पडते ते त्या खेळाच्या भरात. रविवर्म्यांची दमयंती आधीच विरहिणी झालेली आहे. पक्षी थांबला तशी तीही थांबली. रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला हंस ज्यांच्या कानात लहानपणापासून आहे, त्या मराठी वाचकाला तरी हा फरक जाणवावा. तिथला हंस तडफडतो, बोलतो, विनवतो.

मोराच्या बाबतीत असे झाले नाही, याचे कारण उघड आहे. मोर चित्रकाराने पाहिलेला होता. सरस्वतीच्या चित्रात तिच्याजवळ मोर आहे आणि महाराष्ट्राला ते परके वाटले नाही. आपली शारदा मोरावरच बसते. दसऱ्याला पाटीवर मुले सरस्वती काढतात तिच्यात मोर शोधावा लागतो खरा, पण तो वेगळा विषय आहे.

संग्राहकांशी माझा दुसरा वाद कार्डाच्या पाठीवरून आहे. बाजारात कोऱ्या कार्डाला अधिक भाव. लिहिलेले, शिक्का पडलेले, कडेने मळलेले कार्ड विक्रेता वेगळ्या गठ्ठ्यात टाकतो. काही महाभाग तिकीट तेवढे सोलून घेतात आणि कार्डाला भोकासारखा पांढरा डाग ठेवतात. मला हे उफराटे वाटते. हंसाचे कार्ड निरोप घेऊन जाण्यासाठी छापलेले. जे गेलेच नाही ते पिंजऱ्यातले. माझ्याजवळ एक दमयंती आहे, तिच्या पाठीवर मोडीत चार ओळी आहेत. मजकूर नेहमीचा: सर्व खुशाल, पत्र नाही म्हणून काळजी, लवकर लिहावे. अक्षर घाईचे आहे. पण नळाचा निरोप नेणाऱ्या पक्ष्याच्या पाठीवर बसून ती काळजी एका गावाहून दुसऱ्या गावी गेली, हे त्या चित्राचे अर्धे सौंदर्य आहे, आणि कोऱ्या कार्डात ते अर्धे नाही. टपालखात्यालाही हे नाते कळत असावे. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापून स्वस्तात विकायचे कार्ड त्याने २००२ साली काढले, त्याचे नाव ठेवले 'मेघदूत'. जाहिरातीच्या शेजारी यक्षाला बसविणे थोडे क्रूर आहे, तरी नाव चुकले नाही.

आणखी एक गोष्ट संग्रहात कधी दिसत नाही, ती म्हणजे वाईट बातमीचे कार्ड. कोपरा फाडलेले कार्ड दारात आले की उभ्याउभ्या वाचायचे आणि फाडून टाकायचे. ते घरात ठेवीत नसत. म्हणजे जुन्या कार्डांच्या कोणत्याही वहीतून मराठी माणसाच्या टपालाचा एक मोठा भाग आधीच गळालेला असतो. उरते ते गोड, रंगीत, पांढऱ्या पक्ष्याचे. या वह्यांकडे पाहून त्या काळाविषयी अनुमाने काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आणि त्या गळालेल्या भागाचाही एक पक्षी होता. मराठी घरात निरोप आणणारा पक्षी हंस कधीच नव्हता. तो कावळा होता. छपरावर ओरडला की पाहुणा येणार, पिंडाला शिवला नाही की गेलेल्याचे काही राहिले. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीने शकुन विचारला तो त्यालाच, आणि त्याला देऊ केलेला मान दमयंतीच्या हंसाच्या वाट्यालाही आलेला नाही. सुखाचा आणि दुःखाचा, दोन्ही निरोप त्याच एका काळ्या पक्ष्याकडे. पण छापखान्यांना तो दिसला नाही. दिसला असता तरी तो विकला गेला नसता, हे मीही जाणतो. पाडव्याच्या शुभेच्छा कावळ्याच्या हातून कोण पाठवील? तरीही रविवर्म्यांच्या काळातल्या एखाद्या कारागिराने, शिळेवर काळा रंग उरला म्हणून का होईना, कौलावर बसलेला एक कावळा कुठेतरी छापला असेल, असे मला राहून राहून वाटते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शाळेमुळे बुधवार मला जमत नाही. रविवारी मात्र गठ्ठे उलटून पाहतो. अजून तरी मिळालेला नाही.